गुराख्याची बायको

स्टेट कॉलेज नावाच्या गावात आम्ही दोन वर्षं एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो. खाली घरमालकीण राहायच्या. सत्तरी ओलांडलेल्या, उंच, एकट्या. सगळी हयात त्यांनी तिथल्या शाळेत लॅटिन शिकवलेलं, म्हणून मी आणि माझा नवरा आपसात त्यांना ‘बाई’ म्हणायचो, आपल्याकडे शाळेत म्हणतात तसं.

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. नवऱ्याची पीएच.डी. चालली होती. तो सकाळी कॅम्पसच्या बसने जायचा तो अंधार पडल्यावर उगवायचा. मी डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नोकरी करायची परवानगी नाही. साताऱ्याहून मराठीत एम.ए. करून आलेली मी दिवसभर खिडकीतून बर्फ बघायची आणि घरी निळी हवाई टपालाची पत्रं लिहायची.

एका दुपारी बाईंनी जिन्यातून हाक मारली. हातात एक पत्र होतं.

“हे मला वाचून दाखवतेस का?” त्या म्हणाल्या. “माझे डोळे गंमत करतात. कडेचं सगळं दिसतं. ज्याच्याकडे बघावं तेवढंच नाहीसं होतं.”

पत्र मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावच्या चर्चमधून आलं होतं. ते वाचून झाल्यावर त्यांनी मला जेवणाच्या टेबलापाशी नेलं. त्या टेबलावर कोणी जेवत असेल असं वाटत नव्हतं. पुठ्ठ्याची खोकी, फायली, आणि मधोमध एक लांबलचक गुंडाळी. त्यांनी ती उलगडली. त्यांची वंशावळ होती. खाली त्या स्वतः, आणि वर वर जात शेवटी एक माणूस, सोळाशे तीसच्या आसपास इंग्लंडहून जहाजाने आलेला. त्याच्या शेजारी ‘पत्नी’ असा शब्द आणि पुढे रिकामी रेघ.

“हा प्युरिटन होता,” बाई म्हणाल्या. “इंग्लंडचं चर्च पुरेसं शुद्ध नाही, म्हणून घरदार सोडून समुद्र ओलांडणारी माणसं ती. माझे आजोबा धर्मोपदेशक होते. त्यांच्या दर तिसऱ्या प्रवचनात हा पूर्वज यायचा. किती करारी, किती देवभक्त, काय त्याची वाणी! मी तीस उन्हाळ्याच्या सुट्ट्या ह्याच्यामागे घालवल्या. त्याचं गाव सापडलं. बाकी काहीच नाही.”

मग त्यांनी एका फायलीतून दोन फोटोस्टॅट काढले. त्या गावच्या पहिल्या पाळकाच्या वहीतली पानं. समासात त्या पूर्वजाचं आडनाव दिसतं, एवढंच चर्चवाल्यांनी कळवलं होतं. मजकूर त्यांनाही लागला नव्हता. पानं हातात आली त्याच वर्षी बाईंचे डोळे जायला लागले.

मी ती पानं खिडकीशी नेली आणि बघतच राहिले.

“हे इंग्लिश आहे?”

“असं म्हणतात,” बाई म्हणाल्या.

माझे वडील भूमी अभिलेख कार्यालयात होते. जुनी मोडी कागदपत्रं वाचायला त्यांच्याकडे लांबून लोक यायचे. शाळेत असताना रविवारी दुपारी ते मला शेजारी बसवून मोडी शिकवत. समोरच्या कागदावरचं ते इंग्रजी बघून मला एकदम तेच आठवलं. अक्षरात अक्षर गुंतलेलं, लेखणी शक्यतो न उचलता लिहिलेलं, आणि पहिल्या नजरेला सगळं सारखंच.

“मी प्रयत्न करू का?” मी विचारलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे थोडं माझ्या कानाकडे बघितलं, कारण तसं केलं तरच मी त्यांना दिसायचे. म्हणाल्या, “तुला वेळ आहे?”

माझ्याकडे वेळ सोडून काहीच नव्हतं.

नवऱ्याने कॉम्प्युटर सेंटरमधून कडेला भोकं असलेला वाया गेलेला कागद आणून दिला. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी एकेक अक्षर उतरवून काढायला लागले. त्या लिपीतला ‘सी’ आजच्या ‘आर’सारखा, ‘ई’ उलटा फिरवलेला, ‘एच’ची शेपटी ओळीच्या खाली लोंबणारी. वडील म्हणायचे, अक्षर वाचायला जाऊ नकोस, आधी लिहिणाऱ्याचा हात ओळखीचा होऊ दे. मी तेच केलं. महिनाभर मला शब्द लागले नाहीत, पण तो पाळक कुठे घाई करतो, कुठे दमतो, हे कळायला लागलं.

आमची पद्धत अशी बसली. मी अक्षरं म्हणायची, बाई डोळे मिटून ऐकायच्या आणि शब्द सांगायच्या. त्या काळच्या इंग्रजीचे शब्द त्यांना ठाऊक, त्या काळचं वळण हळूहळू मला. कधी दुपारभरात एक ओळ, कधी तीही नाही. नवरा एकदा वर चढताना आमचा सूर ऐकून थांबला आणि म्हणाला, “काय यार, तुम्ही दोघी पाढे म्हणताय असं वाटतं!”

फेब्रुवारीच्या शेवटी पहिलं पान पूर्ण झालं. आणि पूर्वज बाजूलाच राहिला. ते बोलणं त्याचं नव्हतंच. ते एका बाईचं होतं.

बाईंनी मला समजावून सांगितलं. त्या चर्चमध्ये नुसतं येऊन बसायला कुणालाही मुभा होती, किंबहुना यावंच लागे. पण सभासद व्हायचं तर सगळ्यांसमोर उभं राहून, देवाने आपल्या मनात काय काम केलं ते आपल्या तोंडाने सांगावं लागे. लोकांना ते खरं वाटलं तरच आत घेत. ह्या गावच्या पाळकाला ती निवेदनं बोलता बोलता टिपून ठेवायची सवय होती. समासात लिहिलं होतं, अमक्याची बायको. पुढे एक डागाळलेला शब्द, आणि मग ती बोलायला लागते. ‘मी’ म्हणून.

मी लहानपणी दुसऱ्याच्या घरी कामाला होते, असं ती म्हणते. लग्न झालं. नवरा म्हणाला, निघू या. जहाजावर दोन वर्षांची मुलगी तापाने आजारी पडली. सातव्या आठवड्यात गेली. तिला कापडात शिवून समुद्रात सोडली. कुठे सोडली ती जागा मला दाखवता येणार नाही, कारण पाण्याला जागा नसते. त्यानंतर मला प्रार्थना करता येईना. मी सगळ्यांबरोबर ओठ हलवत होते, आणि आत माझा देवावर राग होता, हे मी आज तुमच्यासमोर सांगते.

मी हे वाचलं तेव्हा बाहेर बर्फ काढायच्या गाडीचा आवाज येत होता. साडेतीनशे वर्षांपूर्वी एक कामवाली बाई भरल्या सभेत उभी राहून म्हणाली होती की माझा देवावर राग होता, आणि कुणीतरी ते अक्षरन् अक्षर लिहून घेतलं होतं. मी ते पान टेबलावर ठेवलं ते फार हळू, जणू फोटोस्टॅट नव्हता, तिचाच कागद होता.

दुसरं पान मात्र मधेच संपत होतं. ‘आणि मग दुसऱ्या हिवाळ्यात’ एवढं लिहून पान खलास.

राहिला तो डागाळलेला शब्द. त्याच्या डोक्यावर एक बारीक आडवी रेघ होती. मी ती फोटोस्टॅटची घाण समजत होते. कंटाळून मी त्या पानाची एक प्रत वडिलांना पाठवली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. त्यांना ते इंग्रजी एक अक्षर कळलं नव्हतं, तरी पत्र चार पानी होतं.

‘चिरंजीव सौ. कन्येस अनेक आशीर्वाद,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘कागद पाहून फार आनंद झाला. लिहिणारा मनुष्य सरळ आहे, दिखाऊ नाही. दर सहा-सात शब्दांनी लेखणी बुडवतो, तिथे शाई दाट आहे, तिथून मोज. तू म्हणतेस ती रेघ घाण नव्हे. तीच रेघ मला खाली आणखी चार ठिकाणी दिसते आणि चारही ठिकाणी ती मुद्दाम ओढलेली आहे. आपल्याकडे कारकून शब्द आखडता घेतात तशी ही खूण असावी. तिथे एखादं अक्षर गाळलं आहे का, ते त्या बाईंना विचार.’

मी पत्र घेऊन धावतच खाली गेले. बाईंनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “अर्थात! ‘एन’ गाळला की वर रेघ देत. लॅटिनच्या जुन्या हस्तलिखितांत हेच असतं. मी चाळीस वर्षं पोरांना हे सांगितलं!”

गाळलेलं अक्षर घातल्यावर शब्द तयार झाला. त्याचा अर्थ ‘धीर’.

“म्हणजे ती धीराने बोलली, असं त्याला म्हणायचंय,” बाई म्हणाल्या. “बिचारी.”

मी कागद आवरणार होते. पण शब्द समासात होता, ‘बायको’ला चिकटून. आमच्या वर्गात एक क्षमा होती, एक शांती होती.

“बाई,” मी म्हणाले, “हा तिचा गुण नाही. हे तिचं नाव आहे.”

त्या खुर्चीतून उठल्या. प्युरिटन लोक मुलींना सद्गुणांची नावं देत, हे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं माहीत होतं, आणि तरी ते समोर असताना त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. टेबलाच्या कडेला हात टेकत त्या वंशावळीपाशी गेल्या आणि त्या रिकाम्या रेघेवर बोट ठेवून उभ्या राहिल्या. मग त्यांनी ते नाव मोठ्याने उच्चारलं. एकदाच, वर्गात हजेरी घेताना घेतात तसं. त्या घराण्यात हे नाव शेवटचं कधी कोणी घेतलं असेल, ह्याचा विचार मी करू लागले आणि पुढे माझं डोकंच चालेना.

मे महिन्यात आम्ही मॅसॅच्युसेट्सला गेलो. नवऱ्याला विचारलं होतं, तर म्हणाला, “माझं एक्सपेरिमेंट चालू आहे, कॅन्सल नाही करता येणार. तू ड्राइव्ह कर ना.” माझं लायसन्स तीन महिन्यांचं. बाईंची गाडी होडीएवढी. आठ-नऊ तास मी ट्रकांच्या मधून स्टिअरिंग घट्ट धरून चालवत होते, आणि शेजारी बाई, ज्यांना समोरचं काही दिसत नव्हतं, शांतपणे म्हणत होत्या, “फार छान चालवतेस.”

गाव लहान होतं. पांढरं चर्च, समोर हिरवळ, तळं. चर्चची इमारत मूळची नव्हे, पण वही तिथेच होती. तिथली पास्टर पन्नाशीची एक स्त्री होती. तिने कपाटातून एक डबा काढला, त्यातून कापडात गुंडाळलेली वही. तळहाताएवढी. मला वाटलं होतं मोठा ग्रंथ असेल.

“तूच उघड,” बाई म्हणाल्या.

शाई तपकिरी झाली होती. पान उलटताना शिवणीत काही चमकलं. वाळूचे कण. शाई सुकवायला त्याने पानावर टाकलेली वाळू. वडिलांकडच्या मोडी कागदांच्या घडीतही अशीच निघायची. मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

आमच्या दोन पानांच्या पाठीमागे पुढचा मजकूर होता. साडेसात ओळी. तो हात आता माझ्या इतका ओळखीचा झाला होता की मी न अडखळता वाचत गेले.

आणि मग दुसऱ्या हिवाळ्यात मला मुलगा झाला. त्याच आठवड्यात शेजारीण बाळंतपणात गेली आणि तिचं मूल लोकांनी माझ्याकडे आणलं, कारण माझ्या अंगावर दूध होतं. मला ते नको होतं. तरी घेतलं. एके पहाटे दोघं अंगावर पीत असताना माझ्या ध्यानात आलं की मी काहीतरी बोलते आहे, आणि ती प्रार्थना आहे. ती कधी सुरू झाली मला माहीत नाही. मी सुरू केली नव्हती. माझ्याकडे सांगायला एवढंच आहे.

त्याखाली पाळकाचे दोनच शब्द. सर्वांनी स्वीकारलं.

बाईंनी रुमाल काढला आणि चष्मा पुसला, जो पुसून काही उपयोग नव्हता. “वंशावळीत त्याच्या खालचा तो हा मुलगा,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्याच्या मुलाबरोबर एकाच मांडीवर वाढलेला.”

“आणि तुमचा तो करारी पुरुष?” मी विचारलं. “त्याचं निवेदन कुठे आहे?”

आम्ही उरलेली वही पालथी घातली. त्याचं आडनाव आणखी तीनदा सापडलं, तीन वेगवेगळ्या वर्षी. पहिल्या वेळी लिहिलं होतं, उभा राहिला, बोलता आलं नाही, बसला. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी नुसतं, पुन्हा तसंच.

तो कधीच सभासद झाला नव्हता.

पास्टरने मग गावच्या जुन्या नोंदींचं छापील पुस्तक आणलं. “हे आडनाव मी इथे बघितलंय,” ती म्हणाली. “तो गावाचा गुराखी होता. सगळ्यांच्या गाई सकाळी गोळा करून ह्या समोरच्या कुरणावर न्यायच्या आणि संध्याकाळी ज्याच्या त्याच्या दारात सोडायच्या.” सहीच्या जागी त्याने खूण काढली होती. एक वाकडं शिंग.

मला बाईंकडे बघवेना. तीस उन्हाळे त्या ह्या माणसाला पंच आणि पाळकांच्या यादीत शोधत होत्या.

“माझ्या आजोबांनी ह्याच्या वाणीवर चाळीस वर्षं प्रवचनं दिली,” त्या सावकाश म्हणाल्या. मग त्यांना हसू फुटलं. इतक्या हसल्या की पास्टरही हसायला लागली. हसू थांबल्यावर मात्र त्यांनी वहीच्या दिशेने मान वळवली.

“आपल्याला बोलता येत नाही हे माहीत असून तीनदा उभं राहायचं,” त्या म्हणाल्या. “सगळ्या गावासमोर. आजोबांना हे कळायला हवं होतं गं.”

पास्टरने विचारलं, रविवारच्या उपासनेत तुमच्या पूर्वज स्त्रीचं निवेदन वाचून दाखवाल का? बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. “मला दिसत नाही. ही वाचेल.”

“मी?” मी म्हणाले. “अहो, मी ख्रिश्चनसुद्धा नाही. माझे उच्चार...”

“तिचे उच्चारही ह्या लोकांना समजले नसते,” बाई म्हणाल्या.

रविवारी मी बरोबर आणलेली एकुलती एक नारायणपेठ नेसले आणि उभी राहिले. समोर साठ-सत्तर माणसं, बहुतेक म्हातारी. मी साताऱ्याच्या इंग्रजीत वाचायला सुरुवात केली. ‘मी लहानपणी दुसऱ्याच्या घरी कामाला होते.’ ते पहिलं ‘मी’ तोंडातून निघालं आणि मी कागद दोन्ही हातांनी धरला. हे तिने ह्याच गावात, ह्याच लोकांच्या पूर्वजांसमोर म्हटलं होतं. मधे कोणीच नव्हतं. एक ती आणि एक मी. पाण्याला जागा नसते, इथे आले तेव्हा मला थांबावं लागलं. मी पदराने नाक पुसलं आणि शेवटपर्यंत वाचलं.

संपल्यावर पास्टरने सभेला विचारलं, “आपण हिला स्वीकारतो का?” ते काही ठरलेलं नव्हतं. एकेक करत सगळे हात वर गेले. बाईंना ते दिसले नसते, म्हणून मी त्यांच्या कानात सांगितलं, “सगळ्यांनी.”

नंतर आम्ही त्या कुरणावर गेलो. आता तिथे बाकं आणि झोपाळे होते. बाईंनी बूट काढले आणि मोज्यांनी गवतात उभ्या राहिल्या. “कुठे उभा राहत असेल तो?” त्यांनी विचारलं. मी बघितलं आणि सांगितलं, डावीकडे थोडा चढ आहे, तिथून सगळं तळं दिसतं, तिथेच असणार. त्या तिकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांच्या बाजूला, थोडं मागे, मी.

घरी आल्यावर वंशावळीतल्या रेघेवर मी ते नाव लिहिलं, आणि मुलांच्या रांगेत सगळ्यात आधी, ‘मुलगी, समुद्रात.’ बाईंनी त्याच्या प्रती नातेवाइकांना पाठवल्या. ओहायोतला त्यांचा एक चुलतभाऊ चिडला. आपल्या घराण्याचा मूळ पुरुष गुराखी असणं शक्य नाही, त्या परदेशी मुलीला वाचता आलं नसेल, असं त्याने लिहिलं. बाईंनी मला उत्तर सांगितलं ते एका ओळीचं होतं. तू स्वतः जाऊन बघ.

पुढे नवऱ्याला टेक्सासला नोकरी लागली आणि आम्ही शुगर लँडला गेलो. बाईंची पत्रं येत राहिली, टाइप केलेली, ओळी एकमेकींवर चढलेल्या. वाचायला वेळ लागायचा, पण तो हात मला पाठ होता. आम्ही गेल्यावर तिसऱ्या वर्षी त्यांच्या पाकिटात एक फोटो निघाला. तो चुलतभाऊ, नव्वदीला टेकलेला, दोन नातींना घेऊन त्या गावाला जाऊन आला होता. तळ्याकाठी गवतात उभा, टोपी हातात. फोटोच्या मागे त्याने थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, ‘गाई इथे पाणी प्यायच्या, असं गावकरी म्हणाले. मी अर्धा तास उभा होतो.’